डाव्या पायाचा प्रश्न

मोटारीच्या बाबतीत माणसांचे सरळ दोन वर्ग पडतात. बॉनेट उघडल्यावर आत पाहणारे हा पहिला, आणि आत पाहणाऱ्यांच्या पाठीकडे पाहणारे हा दुसरा. मी जन्माने, शिक्षणाने आणि स्वभावाने दुसऱ्या वर्गातला. बी.कॉम.ला आम्हाला घसारा होता, पण तो मोटारीच्या किमतीचा. तिच्या आतले नेमके काय घासते आणि कशावर घासते, हे त्या पुस्तकात कुठेच नव्हते. दरवर्षी अमुक टक्के वजा करा आणि पुढे चला, एवढाच आमचा मोटारीशी संबंध.

तरीही गेल्या पावसाळ्यात एका मोटारीला कोणता क्लच बसवायचा, हा निर्णय माझ्या टेबलावर येऊन पडला. आमच्या नातेवाइकांत असा एक समज पक्का आहे की, बँकेत काम करणाऱ्याला कोणत्याही खर्चाच्या बाबीतले कळते. हॉल फिकट पिवळा रंगवावा की गडद, यावरही मला फोन येतात.

मोटार माझ्या भाच्याची. चाकणच्या कारखान्यात जन्मलेली डिझेल हॅचबॅक. भाचा संगणकात आहे, त्यामुळे कोणतीही वस्तू कारखान्यातून जशी आली तशी वापरणे त्याला कमीपणाचे वाटते. गाडीच्या इंजिनाला हल्ली मेंदू असतो म्हणे. किती डिझेल कधी सोडायचे, टर्बोने किती हवा कोंबायची, हे तो मेंदू ठरवतो. भाच्याने एका दुकानात जाऊन त्या मेंदूची शिकवण बदलून आणली. इंजिन तेच, नटबोल्ट तेच, पण टॉर्क २५० न्यूटन-मीटरवरून ३२० वर गेला. टॉर्क म्हणजे काय, असे मी विचारले. "पिळण्याची ताकद, मामा," तो म्हणाला. हे मला लगेच समजले. आमच्याकडे तिला रिकव्हरी विभाग म्हणतात.

मी त्याला लगोलग मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ऐकवले. निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये, असे ते कलम सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आहे. "मामा, नोंदणीपुस्तकात टॉर्कचा रकानाच नाही," भाचा म्हणाला. रकाना नाही म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस निम्मा गार होतो. तरी विमा कंपनीला लेखी कळवायला लावले आणि पोच घेऊन ठेवली. पोच घेतली की पुढचे सगळे सुसह्य होते, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

महिनाभर भाचा हवेत होता. मग कात्रजच्या जुन्या घाटात गाडीने त्याला जमिनीवर आणले. चौथ्या गिअरमध्ये त्याने पाय दाबला, इंजिन ओरडले, काटा सरसर वर गेला, पण गाडीचा वेग होता तिथेच! वर जळका वास. आमच्या साहेबांच्या भाषणांनंतर शाखेत जे होते तेच इथे झाले. आवाज वाढला, पण काम तेवढेच राहिले.

"क्लच स्लिप मारतोय," मिस्त्री म्हणाले. "इंजिन झालं पैलवान आणि क्लच राहिला कारकून." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे का पाहिले, ते मला कळले नाही.

आता क्लच म्हणजे काय, हे मला जसे समजले तसे सांगतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक सतत फिरत असते. त्याला लागून क्लचप्लेट, म्हणजे दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असलेली चकती. तिचा संबंध गिअरबॉक्सशी. आणि या चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी ती प्रेशर प्लेट. तिच्या पोटात बशीच्या आकाराची एक पोलादी स्प्रिंग असते, तिला डायफ्राम म्हणतात. आपण पेडल दाबतो तेव्हा या स्प्रिंगेला मागे रेटतो, चकती मोकळी होते आणि इंजिनाचा चाकांशी संबंध सुटतो. पाय सोडला की संबंध पुन्हा जुळतो. म्हणजे क्लच धरायचा असतो तो गाडी सोडण्यासाठी आणि सोडायचा असतो तो गाडी धरण्यासाठी. ज्याने ही भाषा ठरवली तो नक्की एखाद्या सरकारी खात्यात असणार.

या अस्तराचा इतिहास मोठा मजेदार आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे कित्येक मोटारींच्या क्लचला चामड्याचे अस्तर असे. ते तेलकट होऊन घसरू लागले की चालक त्यावर मुलतानी माती टाकत. आमच्या घरात जी सौंदर्यासाठी कपाटात ठेवलेली असते, तीच! आणि ज्या हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रजाने १८९७ मध्ये घर्षणाच्या मालाचा धंदा काढला, त्याला ती कल्पना डर्बीशायरच्या उतारावर सुचली म्हणतात. तिथले गाडीवान जुने बूट चाकाला लावून घोडागाड्या आवरत. त्याच्या मालाचे नाव फेरोडो. फ्रूडची अक्षरे उलटसुलट करून त्यात बायकोच्या नावाचे 'ई' मिसळले की फेरोडो होते. घर्षणाच्या वस्तूत बायकोचे अक्षर घालणारा हा गृहस्थ धीट असला पाहिजे.

असो. मी नियमाप्रमाणे तीन कोटेशने मागवली. भाच्याला आश्चर्य वाटले, नाना पेठेतल्या दुकानदाराला त्याहून जास्त वाटले. पण बिनकोटेशनची खरेदी मला पचत नाही. किमती मात्र इथे लिहीत नाही, कारण ताई हे वाचते.

मग मी तुलनातक्ता करायला बसलो. आणि वाचकहो, तिथे मला पहिल्यांदा या विषयात गोडी वाटू लागली, कारण क्लच म्हणजे शुद्ध जमाखर्च निघाला. क्लच किती टॉर्क पेलतो, याचे गणित चार आकड्यांचा गुणाकार आहे. प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराचे घर्षण, चकतीची मधली त्रिज्या आणि चकतीच्या दोन बाजू म्हणून दोन. आमच्या गाडीची मधली त्रिज्या साधारण दहा सेंटिमीटर आणि साध्या, म्हणजे ऑरगॅनिक अस्तराचे घर्षण ०.३. कंपनीच्या प्लेटचा दाब ५२०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५३० किलो. गुणाकार करा, ३१२ येतात. इंजिनाचा मूळ टॉर्क २५०, वर पंचवीस टक्के मार्जिन. अगदी बँकेसारखे! कंपनीने जितके कर्ज तितके तारण न ठेवता सव्वापट तारण ठेवले होते. भाच्याने परस्पर कर्ज ३२० वर नेले आणि तारण ३१२ वरच राहिले. मग खाते बुडीत गेले नाही तरच नवल.

३२० ला सव्वापट म्हणजे ४००. ही तारणवाढ कुठून आणायची? चकती मोठी करायला जागा नाही. बाजू दोनच. उरले दाब आणि घर्षण.

पहिला मार्ग दाब वाढवण्याचा. अस्तर ऑरगॅनिकच, पण प्रेशर प्लेट पावणेसातशे किलोंची. गाडी अगदी लोण्यासारखी सुटते. मात्र जो दाब चकतीवर वाढला, तो पेडल दाबताना आपल्याच पायाने उलटा रेटायचा असतो. पेडल जड. शिवाय रिलीज बेअरिंगवर आणि इंजिनाच्या दांड्यावरही भार जास्त.

दुसरा मार्ग घर्षण वाढवण्याचा. प्रेशर प्लेट कंपनीच्याच दाबाची, पण चकती सिरॅमिकची. तिला सलग अस्तर नसते, बटणांसारखे सहा तुकडे असतात. घर्षण ०.४ धरले तर त्याच ५२०० न्यूटनमध्ये ४१६ निघतात. पेडल हलके! मी टाळीच वाजवणार होतो. "साहेब, थांबा," मिस्त्री म्हणाले. "ही प्लेट हळूहळू धरत नाही. सुटली तर सुटली, धरली तर धरली. सिग्नलला गाडी बेडकासारखी उडी मारेल." शिवाय ही बटणे फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खातात.

तिसरा मार्ग भाच्याच्या स्वप्नातला. सिरॅमिकही आणि जड प्रेशर प्लेटही. साडेपाचशेच्या जवळ टॉर्क पेलणारा क्लच. "पुढे अजून टर्बो मोठा केला तर?" असे त्याचे म्हणणे. न घेतलेल्या कर्जासाठी आजच घर गहाण ठेवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. मध्येच केव्हलर नावाचेही एक अस्तर निघाले. पुष्कळ टिकते, गुळगुळीत चालते, पण त्याचे घर्षण ऑरगॅनिकच्याच आसपास, आणि एकदा फार तापले की वर काचेसारखी चकाकी चढून ते घसरत राहते. म्हणजे आमचा प्रश्न तिथेच. थोडक्यात, जमेला काहीही मांडा, नावे बाजूला तितकेच येते. हे तत्त्व मोटारवाल्यांना ठाऊक आहे हे पाहून मला भरून आले.

इथपर्यंत सारे कागदावर ठीक होते. पण गाडी कागदावर चालत नाही, ती दाजी चालवतात.

दाजी म्हणजे भाच्याचे वडील. वय ७१. भाचा कामावर घरूनच बसतो, म्हणून गाडी दिवसभर दाजींच्या ताब्यात. सिंहगड रोडवरून मंडईत जाणे, ताईला फिजिओथेरपीला नेणे, दोन मित्रांना पर्वतीच्या पायथ्याशी सोडून स्वतः खाली बसून राहणे, असा त्यांचा कार्यक्रम. निवृत्तीनंतर एकेक खाते त्यांच्या हातून गेले. मोबाइलवरचे व्यवहार भाच्याकडे गेले, औषधांचा डबा ताईकडे गेला, टीव्हीचा रिमोट नातवंडांशिवायच नाहीसा झाला. उरले एकच, स्टिअरिंग. आणि त्यांचा डावा गुडघा गेली तीन वर्षे कुरकुरतो आहे. दाजींच्या मते कुरकुरत नाही. "हवा बदलली की जरा बोलतो," एवढेच.

तक्ता घेऊन मी ताईकडे गेलो. तिने चहा ठेवला, बाहेरच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "यातला सगळ्यात जड कुठला?"

"तिसरा," मी म्हणालो. "पण का?"

"तोच बसवायला सांग."

"अगं, दाजींना पेडल दाबणार नाही."

"म्हणूनच सांगते," ताई म्हणाली. "मी सांगून ते ऐकणार नाहीत, डॉक्टरांनी सांगून ऐकले नाहीत. गाडीनेच नाही म्हटलं तर कुणाला राग येणार?"

मी चहाचा कप खाली ठेवला. बाहेर दाजी पेपर वाचत होते. निवृत्त माणसाला खुर्ची सोडायला लावण्याचे पुष्कळ प्रकार मी पाहिले आहेत, पण पावणेसातशे किलोंची प्रेशर प्लेट वापरून कुणी ते केलेले पाहिले नव्हते. आणि ताईचे चुकत होते असेही म्हणवेना. मागच्याच महिन्यात राजाराम पुलापाशी त्यांचा पाय वेळेवर उठला नव्हता. पुढच्या रिक्षाला फक्त हळद-कुंकू लागल्याइतका स्पर्श झाला. पण ताई शेजारी बसली होती.

कारकुनाला भावना मांडता येत नाहीत, आकडे मांडता येतात. मी घरचा वजनकाटा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेला. पेडल आणि पाय यांच्या मध्ये काटा धरला. आमच्या गाडीचे पेडल १२ किलोंना दबत होते. तिथे दुरुस्तीला आलेली दुसरी एक गाडी होती, जड प्लेटवाली. तिचे दबले २१ किलोंना. मग दाजींना विचारले, "घरापासून मंडईपर्यंत क्लच किती वेळा दाबता?" त्यांनी दुसऱ्या दिवशी मोजून आणले. १४० वेळा. शिस्तीचा माणूस! एकशे चाळीस गुणिले बारा म्हणजे १६८० किलो. एकशे चाळीस गुणिले एकवीस म्हणजे २९४० किलो. म्हणजे पावशेर कोथिंबिरीसाठी एका गुडघ्याने जवळजवळ तीन टन रेटायचे, तेही एका दिशेने. परतीचे वेगळे.

हा हिशेब मी भाच्यासमोर ठेवला, दाजींसमोर नाही. पण दाजी गॅरेजमध्ये आमच्याबरोबर आलेच. ते त्या दुसऱ्या गाडीत बसले, पेडल दाबले आणि दाबून धरले. सिग्नलला धरतात तसे. आम्ही सगळे उगाचच टायर वगैरे पाहू लागलो. मिस्त्रींनी खिशातून तंबाखू काढली आणि मळायचे विसरले. अर्ध्या मिनिटाने दाजींनी पाय सोडला आणि उतरले. उतरताना दाराला धरून जरा उभे राहिले. "चांगला आहे क्लच," ते म्हणाले. "मजबूत आहे. तुम्हा तरुणांना योग्य." आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे पाहत राहिले.

भाचा तिथे काही बोलला नाही. भाचा बोलला नाही, ही गोष्ट इतकी दुर्मीळ आहे की मी घड्याळ पाहून ठेवले. चार मिनिटांनी त्याने मिस्त्रींना विचारले, "ऑरगॅनिक प्लेट घेतली आणि प्रेशर प्लेट फक्त थोडीच वाढवली, सहाशे किलोंची, तर किती पेलेल?"

मी खिशातले पेन काढले. सहाशे किलो म्हणजे सुमारे ५९०० न्यूटन. गुणिले ०.३, गुणिले दोन, गुणिले ०.१. "तीनशे चोपन्न. सव्वाने भागिले की २८३. पण तुझं इंजिन ३२० मागतं."

"मागू दे," भाचा म्हणाला. "मागेल तेवढं द्यायचंच असं कुठे आहे? फाइल उतरवून आणतो. दोनशे ऐंशी पुष्कळ झाले."

ज्या ३२० साठी त्याने दोन महिन्यांचा पगार घातला होता, त्यातले चाळीस त्याने असे उभ्याउभ्या निर्लेखित केले. मी कारण विचारले. "इंजिन जास्त दिवस टिकतं मामा," असे तो म्हणाला. हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. आमच्या कर्जप्रकरणांतही 'कारण' या रकान्यात जे लिहिलेले असते ते खोटे नसते, फक्त ते खरे कारण नसते.

गिअरबॉक्स उतरवला. एकदा तो उतरवला की मजुरीचा मोठा भाग तिथेच संपतो, म्हणून त्याच वेळी रिलीज बेअरिंग बदलले, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सारखा केला आणि मागचे ऑइल सील पाहून घेतले. तेलाचा एक थेंब अस्तरावर गेला तर सारे गणित पाण्यात, किंवा तेलात. सगळे बसवल्यावर मी पुन्हा वजनकाटा लावला. साडेतेरा किलो. मंडईपर्यंत १८९० किलो. दोनशे दहा किलोंची वाढ. पण दाजींना ती जाणवली नाही, किंवा जाणवली असे त्यांनी सांगितले नाही.

प्रश्न उरला ताईचा. तिचा डाव फसला होता आणि तो कुणी उधळला, हे तिला नक्की ठाऊक होते. मी तिच्यासमोर उभा राहायला कचरत होतो. तेवढ्यात दाजीच म्हणाले, "अहो, संध्याकाळी सहानंतर सिंहगड रोडवर हा चालवत जाईल. माझ्याने नाही होत ते आता. सकाळचं मी बघतो." इतकी वर्षे डॉक्टरांना न मिळालेला कबुलीजबाब त्यांनी आमटी वाढून घेता घेता देऊन टाकला. ताईने काही न बोलता त्यांना आणखी एक पळी वाढली.

मिस्त्रींनी मला मागे एक गोष्ट सांगितली होती, ती तेव्हा कळली. ते म्हणाले होते, "साहेब, स्लिप होणं हे क्लचचं कामच आहे. गाडी सुटताना तो जरा घसरला पाहिजे, तेव्हाच उभी गाडी आणि फिरतं इंजिन एकमेकांना सांभाळून घेतात. घसरतच नाही तो क्लच नव्हे, ते वेल्डिंग. फक्त घाटात घसरू नये, एवढंच." आमच्या ताईच्या घरातही त्या आठवड्यात तिघे जण थोडेथोडे घसरले आणि गाडी धक्का न बसता सुटली.

आता एकच तिढा शिल्लक आहे. नवा क्लच पहिले ८०० किलोमीटर सांभाळून चालवावा लागतो. जोरात पाय द्यायचा नाही, अस्तर आणि पोलाद यांची ओळख होऊ द्यायची. हे काम सिग्नलांच्या गावात, सावकाश, शांत डोक्याच्या माणसाने करायचे. असा माणूस घरात एकच होता, म्हणून भाच्याने सकाळची गाडी दाजींकडे सोपवली. त्याला आता दोन महिने झाले. भाचा रोज विचारतो, "बाबा, झाले का आठशे?" दाजी म्हणतात, "अजून बसतोय रे, घाई करू नको." परवा मी त्यांच्या शेजारी बसून मंडईत गेलो. किलोमीटरच्या आकड्यांवर त्यांनी हातरुमाल टाकून ठेवला होता.

"ऊन लागतं त्याला," दाजी म्हणाले.